उलट दिशेचे सदिश: उणे चिन्ह कुठे लावायचं आणि कुठे नाही

एक चेंडू भिंतीवर २० मीटर/सेकंद वेगाने काटकोनात आदळतो आणि १५ मीटर/सेकंद वेगाने त्याच रेषेत परत फिरतो. त्याच्या वेगात किती बदल झाला? पहिल्यांदाच हे गणित सोडवणारे बहुतेक जण ५ लिहितात. उत्तर ३५ आहे. इथे सूत्र चुकलेलं नाही आणि आकडेमोडही बरोबर आहे. दोन वेग एकमेकांच्या उलट दिशेचे आहेत, एवढीच गोष्ट कागदावर उतरलेली नाही.

सदिश म्हणजे परिमाण (किती) आणि दिशा दोन्ही असलेली राशी. उलट दिशेच्या सदिशांची जवळजवळ सगळी घसरगुंडी अशीच होते. त्यामुळे उणे चिन्ह नेमकं कशासाठी लावलं जातं, कोणत्या टप्प्यावर लावायचं आणि कुठे अजिबात लावायचं नाही, हे आधी पक्कं करावं.

आधी तीन शब्द वेगळे करा

'विरुद्ध', 'ऋण' आणि 'प्रतिसमांतर' हे शब्द बोलताना एकाच अर्थाने वापरले जातात. गणित सोडवताना त्यांतला फरक पाळावा लागतो.

एखाद्या सदिशाचा ऋण सदिश म्हणजे तेवढ्याच परिमाणाचा, पण बरोबर उलट्या दिशेचा सदिश. अ हा सदिश पूर्वेला ६ न्यूटन असेल, तर −अ म्हणजे पश्चिमेला ६ न्यूटन. दोघांची बेरीज शून्य सदिश येते. प्रतिसमांतर सदिशांत फक्त दिशा उलट असावी लागते, परिमाण कितीही चालतं. पूर्वेला ६ न्यूटन आणि पश्चिमेला २ न्यूटन हे सदिश प्रतिसमांतर आहेत, पण एकमेकांचे ऋण सदिश नाहीत. 'विरुद्ध सदिश' हा शब्द काही पुस्तकांत पहिल्या अर्थाने येतो, काहींत दुसऱ्या. म्हणून प्रश्नात 'समान आणि विरुद्ध' लिहिलंय की नुसतं 'विरुद्ध दिशेने', हे नीट वाचा.

आणखी एक गोष्ट इथेच डोक्यात बसवा: परिमाण कधीच ऋण नसतं. '−६ न्यूटन परिमाणाचं बल' असं काही नसतं. एका रेषेवरच्या गणितात आपण −६ न्यूटन लिहितो तेव्हा तो त्या रेषेवरचा घटक (सदिशाचा त्या रेषेवर मोजलेला भाग) असतो. आकडा परिमाण सांगतो, चिन्ह दिशा सांगतं. त्याचमुळे −६ हे बल +२ पेक्षा 'लहान' नाही. संख्यारेषेवर ते डावीकडे आहे खरं, पण ढकलण्याच्या जोरात ते तिप्पट आहे.

पायरी १: रेष काढा, धन दिशा लिहून ठेवा

मनात ठरवणं पुरत नाही. कागदाच्या कोपऱ्यात एक छोटा बाण काढून त्याच्या टोकाशी + लिहा. उजवी बाजू धन, वर धन, गाडी जातेय ती दिशा धन, यांपैकी काहीही चालतं. निसर्गाला त्याचं सोयरसुतक नाही. बंधन एकच: गणित संपेपर्यंत ती दिशा बदलायची नाही. चेंडू वर जाताना 'वर धन' आणि खाली येताना 'खाली धन' असं करणाऱ्यांना दोन वेगवेगळी गणितं सोडवून मध्येच जोडावी लागतात, आणि चूक बहुतेक वेळा त्या जोडावरच होते.

बाण शक्यतो प्रमाणात काढा. १ सेंटिमीटर म्हणजे १० न्यूटन असं धरलं, तर ३० न्यूटनचा बाण ३ सेंटिमीटर आणि त्याच्या उलट १० न्यूटनचा बाण १ सेंटिमीटर. उत्तर कोणत्या बाजूला झुकणार हे आकडेमोडीआधीच दिसतं.

पायरी २: चिन्ह किंमत भरताना लावा, सूत्रात नाही

या पायरीवर सर्वाधिक वेळ घालवणं योग्य ठरतं. सूत्र नेहमी मूळ रूपात लिहायचं:

विस्थापन = सुरुवातीचा वेग × वेळ + ½ × त्वरण × वेळ²

यात सगळीकडे अधिकच आहे. उणे चिन्ह येईल ते किंमती भरताना. वरची दिशा धन धरली तर गुरुत्वत्वरणाची किंमत −९.८ मीटर/सेकंद². काही जण आधी सूत्रातच '+' चा '−' करतात आणि नंतर किंमतही −९.८ भरतात. दोन उणे मिळून अधिक होतात, आणि चेंडू आकाशात कायमचा निघून जातो. उत्तर विचित्र मोठं आलं की आधी ही चूक शोधा.

नीट वापरली तर ही पद्धत किती काम वाचवते ते पाहा. २४.५ मीटर उंच कड्यावरून एक दगड सरळ वर १९.६ मीटर/सेकंद वेगाने फेकला. तो कड्याला चुकवून पायथ्याशी पडायला किती वेळ लागेल? (हवेचा विरोध धरायचा नाही.) वर जाण्याचा वेळ वेगळा, खाली येण्याचा वेगळा असं तोडायची गरजच नाही. वर धन धरा. दगड शेवटी सुरुवातीच्या जागेपासून खाली असतो, म्हणून विस्थापन −२४.५. सुरुवातीचा वेग +१९.६, त्वरण −९.८.

−२४.५ = १९.६ × वेळ − ४.९ × वेळ²

४.९ ने भागून मांडलं की वेळ² − ४ × वेळ − ५ = ०. म्हणजे वेळ ५ सेकंद किंवा −१ सेकंद. फेकण्याआधीची वेळ आपल्या कामाची नाही, म्हणून ५ सेकंद. पायथ्याशी वेग १९.६ − ९.८ × ५ = −२९.४ मीटर/सेकंद. इथलं उणे 'खाली' असं सांगतंय. म्हणून उत्तर लिहिताना '२९.४ मीटर/सेकंद, खालच्या दिशेने' असं लिहावं. चिन्ह आणि शब्द दोन्ही लावून '−२९.४ मीटर/सेकंद, खालच्या दिशेने' लिहिलं, तर शब्दशः अर्थ 'वर' असा होतो.

हेच गणित खालची दिशा धन धरून पुन्हा करून पाहा. तिन्ही किंमतींची चिन्हं उलटतील, समीकरण तेच राहील, वेळ ५ सेकंदच येईल. शंका आली की पडताळणीसाठी हा उपाय हमखास चालतो. धन दिशा बदलल्यावर वेळ किंवा परिमाण बदललं, तर कुठेतरी एक चिन्ह निसटलंय.

पायरी ३: बेरीज

हे सोपं आहे. चिन्हांसकट बेरीज करा. पूर्वेला ७० मीटर आणि मग पश्चिमेला ३० मीटर चाललं तर विस्थापन ७० + (−३०) = ४० मीटर पूर्वेला. अंतर मात्र १०० मीटरच, कारण अंतर अदिश आहे आणि त्याला दिशा नाही. नाव स्थिर पाण्यात ५ मीटर/सेकंद जात असेल आणि प्रवाह २ मीटर/सेकंद असेल, तर काठावरून पाहणाऱ्याला ती प्रवाहासोबत ७ आणि प्रवाहाविरुद्ध ३ मीटर/सेकंद वेगाने जाताना दिसते. दोन प्रतिसमांतर सदिशांच्या बेरजेचं परिमाण म्हणजे त्यांच्या परिमाणांतला फरक, आणि दिशा मोठ्या सदिशाची.

पायरी ४: वजाबाकी, म्हणजेच उलटवून बेरीज

आता चेंडूकडे परत येऊ. बदल म्हणजे शेवटचा उणे सुरुवातीचा. क्रम हाच, नेहमी. भिंतीकडची दिशा धन धरली तर सुरुवातीचा वेग +२०, शेवटचा −१५.

बदल = −१५ − (+२०) = −३५ मीटर/सेकंद

इथे उणे चिन्ह दोन वेगवेगळी कामं करतंय. १५ च्या आधीचं उणे दिशेचं आहे, मधलं वजाबाकीचं आहे. दोन्ही एकमेकांत मिसळू नयेत म्हणून कंस वापरा. कंटाळवाणं वाटेल, पण कंस गाळल्यावर त्यातलं एक उणे हमखास हरवतं.

सदिशांच्या भाषेत सांगायचं तर वजाबाकी म्हणजे दुसरा सदिश उलटवायचा आणि मग बेरीज करायची. सुरुवातीचा वेग उलटवला की तोही भिंतीपासून दूर जाणाऱ्या दिशेचा होतो. मग १५ आणि २० एकाच बाजूचे झाले, म्हणून बेरीज.

चेंडूचं वस्तुमान ०.१५ किलोग्रॅम असेल तर संवेगातला (वस्तुमान × वेग) बदल ५.२५ किलोग्रॅम·मीटर/सेकंद, भिंतीपासून दूर. स्पर्श ०.०१ सेकंद टिकला तर भिंतीने लावलेलं सरासरी बल ५२५ न्यूटन. ५ हे चुकीचं उत्तर धरून गेलं तर फक्त ७५ न्यूटन येतं, म्हणजे सातपट चूक. ते ५ मुळातच अशक्य का आहे हे आकडेमोड न करताही कळतं. चेंडू भिंतीला चिकटून थांबला असता तरी बदल २० झाला असता. थांबून शिवाय उलट फिरण्यासाठी २० पेक्षा जास्तच लागणार.

सापेक्ष वेगातही हेच घडतं. समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्या २० आणि १५ मीटर/सेकंद वेगाने जात असतील, तर एकीतून दुसरीचा वेग ३५ मीटर/सेकंद दिसतो. वर्तुळात १० मीटर/सेकंद या स्थिर चालीने (चाल म्हणजे वेगाचं नुसतं परिमाण, दिशेविना) फिरणारी वस्तू अर्धी फेरी मारते तेव्हा चालीत बदल शून्य असतो, वेगात मात्र २० मीटर/सेकंदचा.

वेग आणि त्वरण उलट असले म्हणजे काय होतं

'ऋण त्वरण म्हणजे मंदन' असं एका ओळीत शिकवलं जातं. ते अर्धंच खरं आहे. वस्तूची चाल कमी होते ती वेग आणि त्वरण एकमेकांच्या उलट असतात तेव्हा. त्वरणाचं चिन्ह एकटं पाहून काहीच ठरत नाही.

पुढे २० मीटर/सेकंद जाणारी गाडी ४ सेकंदांत थांबली तर त्वरण −५ मीटर/सेकंद², आणि ती थांबेपर्यंत ४० मीटर जाते. तीच गाडी मागे जाताना ब्रेक लावला तर वेग ऋण आणि त्वरण धन. तरीही चाल कमीच होतेय. याउलट कड्यावरचा तो दगड खाली येताना वेगही ऋण, त्वरणही ऋण, आणि चाल वाढतेय. माथ्यावर, म्हणजे वाटेतल्या सर्वांत उंच बिंदूवर, दगडाचा वेग क्षणभर शून्य होतो, त्वरण होत नाही, ते तिथेही −९.८ च असतं. माथ्यावर त्वरणही शून्य झालं असतं, तर दगड तिथेच लटकून राहिला असता.

प्रतलात: दोन्ही घटक उलटायला हवेत

आता सदिश एका रेषेवर नाहीत, प्रतलात (सपाट पृष्ठावर) आहेत. ऋण सदिश काढायचा तर क्ष आणि य दोन्ही घटकांची चिन्हं बदला. (३, −४) चा ऋण सदिश (−३, ४). एकच घटक बदलून (−३, −४) लिहिणं ही नेहमीची चूक आहे. तो य-अक्षात दिसणारा आरशातला सदिश झाला, विरुद्ध नव्हे.

दोन सदिश प्रतिसमांतर आहेत का हे तपासायला घटकांची गुणोत्तरं काढा. (३, −४) आणि (−६, ८): −६ ÷ ३ = −२, ८ ÷ (−४) = −२. गुणोत्तर सारखं आणि ऋण, म्हणजे प्रतिसमांतर. सारखं पण धन आलं असतं तर एकाच दिशेचे. अदिश गुणाकारानेही (क्ष घटकांचा गुणाकार अधिक य घटकांचा गुणाकार) तपासता येतं: त्यांच्यातला कोन १८०° आणि कॉस १८०° = −१, म्हणून गुणाकार परिमाणांच्या गुणाकाराएवढाच, पण ऋण. इथे ३ × (−६) + (−४) × ८ = −५०, आणि परिमाणं ५ व १०. जुळलं. सदिश गुणाकार (ज्याचं परिमाण कोनाच्या साइनवर ठरतं) या कामाला पुरत नाही. तो ०° लाही शून्य आणि १८०° लाही शून्य, त्यामुळे दोन सदिश सोबत आहेत की उलट हे तो सांगूच शकत नाही.

कोन काढताना कॅल्क्युलेटरवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. य घटकाला क्ष घटकाने भागून टॅनचं व्यस्त काढलं, तर (३, −४) साठी −५३.१३° येतं आणि (−३, ४) साठीही −५३.१३° च येतं, कारण भागाकार दोन्हीकडे तोच आहे. बरोबर उलट्या दिशांना यंत्र एकच कोन सांगतं. क्ष घटक ऋण असेल तर उत्तरात १८०° मिळवा, म्हणजे दुसऱ्या सदिशाचा खरा कोन १२६.८७°. संगणकावर यासाठी एटॅन-टू हे फलन असतं, त्यात चिन्हं आपोआप पाहिली जातात. मात्र एक्सेलमध्ये त्याला आधी क्ष मग य द्यावा लागतो आणि पायथॉनमध्ये आधी य मग क्ष. क्रम उलटा झाला की सगळेच कोन बिघडतात, आणि तेही सूत्रात कुठे चूक न दिसता.

बलं: कोणती कटतात, कोणती नाही

दोन उलट बलांनी एकमेकांना रद्द करण्यासाठी ती एकाच वस्तूवर असावी लागतात. न्यूटनने १६८७ मध्ये मांडलेल्या तिसऱ्या नियमातली क्रिया-प्रतिक्रिया बलं समान आणि विरुद्ध असतात खरी, पण ती दोन वेगळ्या वस्तूंवर असतात. म्हणून ती कधीच कटत नाहीत. टेबलावरच्या पुस्तकाचं वजन आणि टेबलाचं वर ढकलणारं अभिलंब (पृष्ठभागाला लंब) बल ही तिसऱ्या नियमाची जोडी नव्हे. दोन्ही पुस्तकावरच आहेत, आणि पुस्तक स्थिर आहे म्हणून ती समान आहेत. वजनाची खरी जोडी म्हणजे पुस्तक पृथ्वीला वर ओढतं ते बल. ओळखण्याची युक्ती: 'क ने ख वर लावलेलं बल' असं वाक्य लिहा आणि क, ख ची अदलाबदल करा. 'पृथ्वीने पुस्तकावर' उलटलं की 'पुस्तकाने पृथ्वीवर' येतं. त्यात टेबल कुठेच नाही.

दोन ताणकाटे एकमेकांच्या आकड्यात अडकवून दोन्ही बाजूंनी आडवे ओढा. एक ५० न्यूटन दाखवत असेल तर दुसराही ५०. दोरीची दोन्ही टोकं प्रत्येकी ५० न्यूटनने उलट दिशांना ओढली तर दोरीतला ताण ५० असतो. १०० नाही आणि शून्यही नाही. शून्य आहे ते दोरीवरचं निव्वळ बल. एक टोक भिंतीला बांधलं तरी काहीच फरक पडत नाही, कारण भिंतही तेवढीच ओढते.

घर्षणाची दिशा उलट असते, पण कशाच्या उलट? घासण्याच्या, किंवा घसरू पाहण्याच्या. दरवेळी गतीच्या नाही. चालताना पाय जमिनीवर मागे घसरू पाहतो, म्हणून घर्षण पुढे ढकलतं. परिमाणाचाही घोळ होतो. १० किलोग्रॅमची पेटी आणि स्थितिक घर्षणांक (वस्तू सरकण्याआधीचं कमाल घर्षण ÷ अभिलंब बल) ०.४ असेल तर सपाट जमिनीवर घर्षणाची कमाल मर्यादा ३९.२ न्यूटन. आडवं २५ न्यूटनने ढकललं तर घर्षण २५ न्यूटनच असतं. ३९.२ भरलं तर पेटी ढकलणाऱ्याच्या अंगावर येईल!

निव्वळ बल शून्य आलं म्हणून वस्तू स्थिर राहील असंही नाही. ती एकाच वेगाने चालत राहू शकते, आणि ती फिरूही लागू शकते. गाडीच्या ०.४ मीटर व्यासाच्या स्टिअरिंगला एका हाताने २० न्यूटन वर आणि दुसऱ्याने २० न्यूटन खाली लावलं, तर बलांची बेरीज शून्य, पण ती एका रेषेत नाहीत. ते बलयुग्म झालं, आणि त्याचं आघूर्ण (फिरवण्याचा जोर) २० × ०.४ = ८ न्यूटन·मीटर. म्हणून बाण काढताना ते वस्तूवर नेमके कुठे लागतात तेही दाखवा.

जिथे उणे चिन्ह दिशा सांगत नाही

घर्षण १० न्यूटन असताना पेटी ४ मीटर सरकली तर घर्षणाने केलेलं कार्य −४० जूल. कार्य अदिश आहे. हे उणे डावी-उजवी सांगत नाही, ऊर्जा पेटीतून गेली एवढंच सांगतं. धन दिशा उलटी धरली तरी ते −४० च राहतं. चिन्ह दिशेचं आहे की नाही हे ओळखायची ही चांगली कसोटी आहे.

अदिश राशी उलट दिशांमुळे कटत नाहीत हेही लक्षात ठेवा. २ किलोग्रॅमची गाडी +३ मीटर/सेकंद आणि १ किलोग्रॅमची −६ मीटर/सेकंद वेगाने समोरासमोर येत असतील, तर एकूण संवेग ६ − ६ = ०. गतिज ऊर्जा मात्र ९ + १८ = २७ जूल. त्या आदळून चिकटल्या तर जागीच थांबतील, आणि २७ च्या २७ जूल उष्णता, आवाज आणि चेपलेला पत्रा यांत जातील.

विद्युत क्षेत्राच्या प्रकरणात हा फरक पुन्हा भेटतो. दोन समान धन प्रभारांच्या बरोबर मध्यबिंदूवर त्यांची क्षेत्रं समान आणि विरुद्ध असतात, म्हणून एकूण क्षेत्र शून्य. विभव (एकक प्रभारामागची स्थितिज ऊर्जा) अदिश आहे, तो एकट्या प्रभाराच्या दुप्पट होतो. आता त्यातला एक प्रभार तेवढ्याच ऋण प्रभाराने बदला. त्याच मध्यबिंदूवर दोन्ही क्षेत्रं ऋण प्रभाराच्या बाजूला वळतात आणि त्यांची बेरीज होते. विभव एक धन आणि एक ऋण, म्हणून शून्य.